जुनी पिकअप घेताना : जयपूरच्या भाजीपाला पट्ट्यातून काही धडे

जयपूर शहराच्या दक्षिणेस सांगानेर परिसरात मुहाना ही फळे व भाजीपाल्याची घाऊक मंडई आहे. चौमू, बस्सी आणि आसपासच्या गावांतून हिवाळ्यात वाटाणा, टोमॅटो व पालेभाज्या रात्रीतून तोडून, भरून पहाटे येथे उतरवल्या जातात. राष्ट्रीय कृषी विपणन संस्था याच परिसरात असल्याने प्रशिक्षणासाठी जयपूरला जाणाऱ्या महाराष्ट्रातील विस्तार कार्यकर्त्यांना ही मंडई अपरिचित नाही. तेथे माल उतरवणाऱ्या वाहनांत दीड टनाच्या आसपास क्षमतेची पिकअप सर्वत्र दिसते. नव्या पिकअपची किंमत अल्पभूधारकाच्या आवाक्याबाहेर जाते, त्यामुळे अनेकांची पहिली गाडी जुनीच असते. ती चांगली निघाली तर भाडेकरू गाडीची वाट पाहण्याचे बंधन सुटते. वाईट निघाली तर ऐन तोडणीच्या आठवड्यात माल रस्त्यावर अडकतो आणि त्या दिवसाचा भाव हातचा जातो.

जयपूरच्या जुन्या वाहनांच्या बाजारावर दिल्लीची छाया आहे. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१५ मध्ये राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल वाहनांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ती अमलात आणण्यास सांगितले. राजस्थानातील अलवर व भरतपूर हे जिल्हे या क्षेत्रात मोडतात, जयपूर मोडत नाही. साहजिकच दिल्लीत मुदत संपत आलेली गाडी ना हरकत प्रमाणपत्र घेऊन राजस्थानच्या उर्वरित भागात येऊ लागली. न्यायालयाच्या आदेशांत पुढे फेरफार होत आले असले, तरी स्वस्त गाडीचा हा ओघ समजून घेणे खरेदीदारासाठी आवश्यक आहे. गाडी स्वस्त आहे याचा अर्थ ती खराबच आहे असे नाही. पुष्कळदा तिची किंमत उतरते ती इंजिनामुळे नव्हे, तर नोंदणीच्या पत्त्यामुळे.

मात्र दिल्लीने बाहेर घालवलेली हीच गाडी माल घेऊन दिल्लीस परत जाऊ शकेल असे समजणे महागात पडते. जयपूर परिसरातील वाटाणा भाव असेल तेव्हा सुमारे २७० किलोमीटरवरील दिल्लीच्या आझादपूर मंडईकडेही वळतो. वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाच्या निर्देशानुसार १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ व त्याखालील मालवाहू वाहनांना दिल्लीत प्रवेश नाही. बीएस-४ वाहनांना दिलेली मुभा ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. ज्याचा माल मुहानापुरताच आहे त्याला जुनी बीएस-४ गाडी पुरेशी ठरते. दिल्लीचा बाजार गाठू पाहणाऱ्याने मात्र बीएस-६ गाडीचाच विचार करावा, मग ती जुनी का असेना.

आधी काय वाहिले?

खरेदीदार प्रथम गाडीचे वय आणि किलोमीटर पाहतो. वस्तुतः मीटरवरचा आकडा बदलता येतो आणि बदललाही जातो. जाणकार मालक त्याऐवजी विचारतो की या गाडीने आजवर कोणता माल वाहिला. जयपूर परिसरात या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. शहराच्या पश्चिमेस सांभर हे खाऱ्या पाण्याचे मोठे सरोवर असून तेथे मिठाचे उत्पादन होते. मीठ वाहिलेल्या गाडीचा हौदा नवा रंग देऊन चकचकीत करता येतो, पण चेसिसच्या पोकळीत, ब्रेकच्या नळ्यांवर आणि विजेच्या जोडांत शिरलेला क्षार आपले काम करीतच राहतो. हौद्याखाली झोपून, चेसिसवर हलक्या हाताने हातोडी वाजवून पाहिल्यास निरोगी पोलादाचा खणखणीत आवाज आणि गंजलेल्या भागाचा भद्द आवाज यांतील फरक कानाला कळतो.

दुसरा धोका दगडाचा. किशनगड आणि मकराणा ही संगमरवराची केंद्रे जयपूरपासून फार दूर नाहीत. फरशी, वाळू किंवा खडी वाहणाऱ्या गाडीवर क्षमतेपेक्षा अधिक भार पडलेला असतो. त्याची खूण पाट्यांवर दिसते. मागच्या कमानीत कंपनीने दिलेल्या संख्येपेक्षा जास्त पाटे घातलेले असतील, तर ती गाडी वजनाखाली राबली आहे असे समजावे. पाटे जिथे चेसिसला अडकवले जातात तेथील वेल्डिंगचे डाग, मागील टायरची एकाच कडेने झालेली झीज आणि रिकामी असतानाही एका बाजूस कललेला हौदा हे पुढचे पुरावे. भाजीची गाडी या तुलनेत बरी, कारण भाजी आकाराने मोठी आणि वजनाने हलकी. पण धुतलेला ओला माल रोज भरल्याने तिचाही हौद्याचा पत्रा तळाकडून कुजतो. तो बदलण्याचा खर्च चेसिसच्या दुरुस्तीच्या मानाने किरकोळ आहे.

महाराष्ट्रातही हाच प्रश्न विचारावा, उत्तरे तेवढी बदलतील. कोकण किनाऱ्यावरून आलेली गाडी मासळीची होती का आणि नदीकाठच्या तालुक्यातील गाडी वाळूची होती का, हे विचारल्यावाचून इसार देऊ नये.

इंजिनाची परीक्षा थंड अवस्थेतच करावी. विक्रेत्याने आधीच गाडी तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जावे. जयपूरच्या जानेवारीतील थंडीत जी गाडी कुरकुरते तिचे दोष मे महिन्यात लपलेले असतात. सुरू झाल्यावर निळसर धूर येत राहिला तर इंजिन तेल जाळत आहे. इंजिन चालू असताना तेलाची टोपी काढल्यावर जोराने वाफारा बाहेर येत असेल, तर पिस्टनच्या कड्या झिजल्या आहेत. राजस्थानच्या वाळूमिश्रित धुळीत हवेचा फिल्टर वेळेवर न बदललेल्या इंजिनांत ही झीज लवकर होते. उन्हाळ्यासाठी रेडिएटर व त्याच्या नळ्या तपासाव्यात. चढावर भारासह चालवून पाहिल्याशिवाय क्लचबद्दल काहीही गृहीत धरू नये. यासाठी ओळखीचा मिस्त्री बरोबर नेणे हा खर्च नव्हे.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांच्या बाबतीत आणखी एक बाब आहे. त्यांच्या धुराड्यातील काजळी गाळणारी यंत्रणा इंजिन पुरेसे तापून काही काळ सलग चालल्यावरच स्वतःला साफ करते. शेत ते गाव, गाव ते दूधसंकलन अशा छोट्या फेऱ्याच असतील तर ती तुंबते. शिवाय दोष शोधण्यास संगणकीय उपकरण लागते, जे प्रत्येक गावच्या गॅरेजमध्ये नसते.

कागद

गाडीतील दोष पैशाने दुरुस्त होतो, कागदातील दोष कधीकधी होत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५० नुसार खरेदीदाराने ३० दिवसांत मालकी हस्तांतराची नोंद करण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. त्यासाठी फॉर्म २९ व ३०, परराज्यातील गाडीसाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २८, आणि कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आवश्यक असतो. केवळ सह्या केलेले कोरे फॉर्म हाती ठेवून गाडी वर्षानुवर्षे चालवण्याची रीत सर्वत्र आढळते. ती विकणाऱ्यालाही तितकीच घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात, गाडी हातोहात अनेकदा विकली गेलेली असतानाही अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत नाव असलेल्या मूळ मालकालाच जबाबदार धरले. आपली जुनी पिकअप विकणाऱ्या शेतकऱ्याने हा निकाल ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो असे मानले जाते. तथापि, विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज १४ दिवसांत करावयाचा असतो. थकीत दंड व योग्यता प्रमाणपत्राची मुदत एम-परिवहन अ‍ॅपवर पाहता येते. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी मिळते, त्यानंतर ते दरवर्षी घ्यावे लागते. महाराष्ट्रात आठ वर्षांपुढील मालवाहू वाहनांना पर्यावरण करही लागू होतो. सात-आठ वर्षांची गाडी याच सुमारास बाजारात का येते, याचे एक कारण येथे सापडते.

चालकाच्या बाबतीत मात्र सवलत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानुसार हलक्या वाहनाचा परवाना असलेली व्यक्ती एकूण ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालवू शकते. घरातील तरुणाला वेगळ्या परवान्याची गरज उरली नाही. जादा भाराला मात्र क्षमा नाही. त्यासाठी किमान २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. एका फेरीत दोन फेऱ्यांचा माल नेण्याची बचत त्यापुढे टिकत नाही.

फेऱ्यांचा हिशोब

समजा, जुनी पिकअप ४ लाखांना घेतली आणि चार वर्षांनी २ लाखांना विकली. घसारा वर्षाला ५०,००० रुपये. टायर-दुरुस्ती ६०,००० आणि विमा, कर, प्रमाणपत्र मिळून ४०,००० धरले, तर वर्षाचा स्थिर खर्च दीड लाख होतो. जाऊन-येऊन १०० किलोमीटरच्या फेरीस आठ लिटर डिझेल, म्हणजे ९० रुपये दराने ७२० रुपये. वर्षात १२० फेऱ्या झाल्या तर प्रत्येक फेरी १,९७० रुपयांना पडते, ६० च झाल्या तर ३,२२० रुपयांना. यात चालकाची मजुरी धरलेली नाही. गावातील भाड्याच्या पिकअपचा दर यापुढे ठेवून पाहावा. बहुतेक एकट्या भाजी उत्पादकाच्या फेऱ्या हंगामाच्या तीन-चार महिन्यांतच एकवटतात, आणि तेथेच हा हिशोब फसतो. उरलेल्या महिन्यांत शेजाऱ्यांचा माल, खत-बियाणे वा पशुखाद्य वाहून फेऱ्या वाढवता येतात. तीन-चार उत्पादकांनी मिळून गाडी घेतली, तर नोंदणी एकाच्या नावे न ठेवता शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावे करावी. म्हणजे दुरुस्तीचा खर्च व अपघाताची जबाबदारी एकाच कुटुंबावर येत नाही. कोणाचा माल कोणत्या पहाटे जाईल याचे वेळापत्रक मात्र तोडणी सुरू होण्यापूर्वीच लिहून ठेवावे लागते.