मत मांडणारे सगळे रिकामटेकडे?

"लोकांना कामधंदा उरला नाही, म्हणून दिवसभर मोबाइलवर मतं ठोकत बसतात." हे वाक्य लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं, लोकलच्या डब्यात ऐकू येतं, शाळेच्या शिक्षक-खोलीत आणि वर्तमानपत्राच्या स्तंभातही भेटतं. त्याच्या मागोमाग ठरलेली पुस्ती येते: "सगळी प्रसिद्धीची हाव. आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

हा समज निरुपद्रवी असता तर सोडून देता आला असता. पण रोगाचं निदान चुकलं की औषधही चुकतं. कारण रिकामपण आणि हाव हेच असेल, तर उपाय उरतो तो फक्त माणसांना झापण्याचा. गेली पंधरा-वीस वर्षं आपण तेच करतोय. त्याने काडीचा फरक पडलेला नाही. म्हणून आधी याच गैरसमजाकडे नीट बघू.

गैरसमज: काम नसलेले, प्रसिद्धीला हपापलेले लोकच मतं मांडत बसतात

हार्वर्ड विद्यापीठातल्या डायना तमीर आणि जेसन मिचेल यांनी 2012 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. सहभागी माणसापुढे दर वेळी दोन प्रश्न ठेवले जात. एक त्याच्या स्वतःच्या मताबद्दल किंवा आवडीनिवडीबद्दल असे. दुसऱ्यात भलत्याच कुणाच्या मताचा अंदाज बांधायचा असे किंवा एखादी साधी माहिती सांगायची असे. कुठल्याही प्रश्नाला उत्तर दिलं तरी काही सेंट मिळत. कधी या बाजूला जास्त, कधी त्या बाजूला. पैसेच कमवायचे असतील तर जास्त सेंटवाला प्रश्न निवडायचा, इतकं हे सोपं होतं. तरीही स्वतःचं मत सांगता यावं म्हणून लोकांनी संभाव्य कमाईतल्या 17 ते 25 टक्क्यांवर पाणी सोडलं. मेंदूच्या चित्रणातही तेच दिसलं. स्वतःबद्दल सांगताना मेंदूतले जे भाग जागे झाले, ते चविष्ट अन्न किंवा पैसे मिळाल्यावर जागे होतात तेच होते.

यातला आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. आपलं उत्तर दुसऱ्या कुणापर्यंत पोहोचणार आहे हे कळलं की आनंद वाढत होता. पण कुणीच ऐकणार नसलं तरी तो पुरता नाहीसा होत नव्हता. म्हणजे टाळ्यांच्या आधीच बक्षीस मिळालेलं असतं. "सगळं प्रसिद्धीसाठी" म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दुसरं कारण त्याहून जुन्या संशोधनात सापडतं. लिओन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच मांडलं होतं की आपली मतं बरोबर आहेत का, हे तपासून बघण्याची ओढ माणसात असते. पोत्यात किती गहू आहे हे काट्यावर कळतं. मुलांना कितव्या वर्षी मोबाइल द्यावा, म्हाताऱ्या आईवडिलांना गावी एकटं ठेवणं योग्य की अयोग्य, याला काटा नसतो. मग माणूस इतरांच्या मतांशी आपलं मत ताडून बघतो. ते करायचं तर आधी ते बोलून दाखवावं लागतं.

तिसरं कारण आपलेपणाचं. 'पोळी' म्हणायचं की 'चपाती' यावर दर काही महिन्यांनी मराठी समाजमाध्यमांवर शेकडो प्रतिक्रिया पडतात. गव्हाच्या पिठाबद्दल कुणालाच काही नवं कळत नाही. प्रत्येक जण सांगत असतो तो आपला प्रदेश, आपलं घर, आपल्या आजीचं स्वयंपाकघर. अशा ठिकाणी मत हे ओळखपत्र असतं. एवढंही ध्यानात न घेता लोक "काय फालतू वाद" म्हणून नाक मुरडतात.

आणि चौथं कारण भावनेचं. जोना बर्गर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'चे सुमारे 7,000 लेख तपासले आणि वाचक कुठले लेख सर्वाधिक पुढे पाठवतात हे 2012 मध्ये मांडलं. आश्चर्य, संताप, काळजी अशा अंगात तरतरी आणणाऱ्या भावना जागवणारे लेख जास्त फिरले. नुसतं उदास करणारे लेख मागे राहिले. माणूस हादरला की त्याला गप्प बसवत नाही.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते बघा. रात्रीचे साडेदहा. दवाखान्यातली पाळी संपवून आलेली एक परिचारिका सोसायटीच्या ग्रुपवर बातमी वाचते: खड्ड्यात दुचाकी घसरून कॉलेजचा मुलगा गेला. फोटोतला रस्ता तिच्या रोजच्या जाण्यायेण्याचा, आणि तिचा मुलगाही दुचाकीच चालवतो. ती लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते: "ठेकेदारावर गुन्हा दाखल झालाच पाहिजे." पाठवते. मटकी भिजत घालताना फोन उजळतो. तीन अंगठे, दोन जोडलेले हात, "अगदी बरोबर बोललात ताई." डबा घासून पालथा घालेपर्यंत ती आणखी दोनदा फोन बघते. तिला सकाळी सहाला उठायचं आहे. तिला रिकामटेकडी म्हणणाऱ्याने तिचा एक दिवस जगून दाखवावा.

मात्र त्या फोन बघण्यात पाचवं कारण दडलेलं आहे. पहिली चार कारणं माणसाइतकीच जुनी. हे पाचवं तेवढं आपल्या काळातलं आहे. फेसबुकवर 'लाइक'चं बटण आलं ते फेब्रुवारी 2009 मध्ये. तोवर चारचौघांत मत मांडल्यावर मिळणारी दाद मोजता येत नव्हती. मान डोलावली, हसले, गप्प झाले, इतकंच. आता दादेला आकडा चिकटला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 4,000 हून अधिक लोकांच्या दहा लाखांवर पोस्ट तपासल्या गेल्या. दाद किती मिळते यानुसार लोक पुढची पोस्ट लवकर किंवा उशिरा टाकत होते. बक्षिसातून शिकणाऱ्या कुठल्याही जिवाचं वागणं असंच असतं.

त्याच वर्षी येल विद्यापीठातल्या विल्यम ब्रेडी आणि सहकाऱ्यांनी ट्विटरवरच्या सात हजारांवर लोकांचे सव्वा कोटीहून जास्त संदेश अभ्यासले. संतापाने लिहिलेल्या मजकुराला ज्यांना लाइक आणि शेअर जास्त मिळाले, ते पुढे आणखी संतापून लिहू लागले. संताप त्यांच्या मनात होताच, पण तो किती आणि कसा दाखवायचा हे त्यांना बटणाने शिकवलं. बटणाच्या मागे कोण असतं? 2017 पासून फेसबुकची यंत्रणा 'संताप' दर्शवणाऱ्या चिन्हासह सगळ्या भावचिन्हांना साध्या लाइकच्या पाचपट वजन देऊ लागली, हे कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांच्या आधारे 2021 मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापलं. संतापाच्या चिन्हाचं वजन शून्यावर आलं ते 2020 मध्ये. तीन वर्षं रागाला जादा भाव, आणि आपण बोट दाखवतो ते कुणाकडे, तर मटकी भिजत घालणाऱ्या बाईकडे!

राहता राहिलं "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 1848 पासून एक गृहस्थ पत्रं लिहू लागले. बालविवाह, विधवांचे हाल, विद्येची उपेक्षा, इंग्रजी राज्य, कशाबद्दल म्हणून त्यांनी मत दिलं नाही असं नाही. ही शंभरावर पत्रं 'शतपत्रे' म्हणून आजही अभ्यासली जातात. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते आणि त्यांनी खरं नाव न देता 'लोकहितवादी' ही सही केली. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रियांवर तोंडसुख घेणाऱ्या वर्तमानपत्री मजकुराला उत्तर म्हणून 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. वाचलं, संताप आला, उत्तर दिलं. ही ऊर्मी दाबून टाकली असती तर मराठी समाजसुधारणेचा निम्मा इतिहास कोरा राहिला असता.

आता उरलेले गैरसमज, थोडक्यात.

"हल्ली जो तो बोलतो." उलट, बहुतेक लोक गप्पच असतात. प्यू रिसर्च सेंटरच्या 2019 च्या अहवालानुसार अमेरिकेतल्या प्रौढ ट्विटर वापरकर्त्यांपैकी 10 टक्के लोकांनी 80 टक्के संदेश लिहिले होते. मधला सामान्य वापरकर्ता महिन्याला दोन संदेश लिहीत होता. पडद्यावर दिसतं ते लोकमत, असं धरून चालणाऱ्या पत्रकारांनी हा आकडा टेबलावर चिकटवून ठेवावा.

"पडद्याआड माणूस धीट होतो." अनेकदा भित्रा होतो. अमेरिकी सरकारच्या पाळतीबद्दल समोरासमोर बोलायला 86 टक्के लोक तयार होते. फेसबुक आणि ट्विटर वापरणाऱ्यांपैकी तिथे त्याबद्दल लिहायला तयार होते 42 टक्के. हेही प्यूचंच, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेलं सर्वेक्षण.

"खरं नाव सक्तीचं करा, सगळे सुतासारखे सरळ होतील." दक्षिण कोरियाने 2007 मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवणं सक्तीचं करून पाहिलं. शिवीगाळीत नगण्य घट झाली, आणि तिथल्या घटनात्मक न्यायालयाने 2012 मध्ये तो कायदाच रद्द केला. जर्मनीतल्या ऑनलाइन निवेदनांवरच्या प्रतिक्रियांचा 2016 चा अभ्यास तर सांगतो की खऱ्या नावाने लिहिणारेच जास्त आक्रमक होते. आपण न्यायाच्या बाजूने आहोत असं वाटणारा माणूस नाव कशाला लपवेल?

"मनातलं ओकून टाकलं की राग निवतो." निवत नाही, पेटतो. ब्रॅड बुशमन यांच्या 2002 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मुद्दाम चिडवलं गेलं. चिडवणाऱ्याला आठवत बुक्क्या मारायच्या पिशवीवर राग काढणारे सर्वांत संतप्त राहिले. दोन मिनिटं शांत बसलेले त्यांच्यापेक्षा निवळले.

"खोटं पसरवतात ते यंत्रमानव." ट्विटरवर 2006 ते 2017 मध्ये फिरलेल्या सव्वा लाखावर बातम्यांचा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात 2018 मध्ये आला. खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खरीपेक्षा 70 टक्के जास्त होती. स्वयंचलित खाती बाजूला काढली तरी निष्कर्ष बदलला नाही. हे काम माणसांचं होतं.

शेवटचा गैरसमज मात्र एका ओळीत उरकता येत नाही, कारण त्याची किंमत आपण महाराष्ट्रात मोजली आहे.

"चुकीचं पुढे पाठवणारे एक तर मूर्ख असतात, नाही तर दुष्ट." 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठेचून मारली. भिक्षा मागत फिरणारी, मंगळवेढ्याकडची ही माणसं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा मोबाइलवर फिरत होत्या. ज्यांनी हात उचलला ते गुन्हेगारच, त्यात शंका नको. पण गावोगावी ज्यांनी तो संदेश पुढे पाठवला त्यांतल्या असंख्य जणांना आपण शेजाऱ्याच्या लेकराला वाचवतोय असंच वाटलं असणार. चांगल्या हेतूने पाठवलेला संदेशही खोटा असला की जीव घेऊ शकतो. म्हणूनच "माझा हेतू वाईट नव्हता" हा बचाव पुरेसा नाही.

त्यानंतर जे झालं त्यातून शिकण्यासारखं आहे. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. एप्रिल 2020 मध्ये, आधीच खूपदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा बदल केला. अशा संदेशांचं प्रमाण 70 टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच जाहीर केलं. माणसांचा स्वभाव काही आठवड्यांत बदलला नव्हता. बदललं होतं ते बटण.

वैयक्तिक पातळीवरही उपाय आहे आणि तो तितकाच साधा आहे. गॉर्डन पेनिकुक, डेव्हिड रँड आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं की लोकांना एखादा मथळा खरा वाटतो का एवढंच विचारलं, तरी त्यानंतर ते खोट्या बातम्या कमी पुढे पाठवतात. खरंखोटं त्यांना बऱ्यापैकी कळत असतं. पाठवायच्या क्षणी तिकडे लक्ष नसतं, इतकंच. म्हणून घरातल्या ग्रुपवर काकांनी काही भलतं पाठवलं तर "कामं नाहीत का?" असं लिहू नका. "काका, हे खरं आहे का, कुठून आलं?" असं विचारा. पहिल्या वाक्याने काका दुखावतात आणि हट्टाने आणखी चार पाठवतात. दुसऱ्याने ते विचारात पडतात.

मत मांडण्याची ओढ ही माणसाची खोड नाही, ती त्याची गरज आहे. ती मोडून काढायचा प्रयत्न व्यर्थ आहे आणि अन्यायाचाही. त्या गरजेवर धंदा उभा करणाऱ्यांना मात्र जाब विचारता येतो: कशाला किती वजन देता, कशाला वर चढवता, आणि ते आम्हाला का सांगत नाही? झापायचंच असेल तर तिकडे झापा.