खरी गाडी कोणती?

कामगार चळवळीत हयात गेलेल्या आम्ही मोटारींच्या हौशी मंडळींवर काय बोलावे, असे श्रोत्यांना वाटेल. पण त्यांच्या लटक्या भांडणांत आमच्या जिव्हाळ्याचा एक प्रश्न दडलेला आहे.

१९६२ साली कॅरोल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूने इंग्लंडमधील ए. सी. कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसविले. हीच कोब्रा. १९६७ पर्यंत त्या जेमतेम हजारभर निघाल्या. आज त्यांच्या किमती गगनाला भिडल्याने हौशी माणूस फायबरग्लासचे कवच आणि सांगाडा आणून घरीच प्रतिकृती जुळवतो.

पेट्रोल भरताना कोणी हटकतोच, ‘खरी आहे का हो?’ मालक म्हणतो, ‘पेट्रोल तरी खरेच पिते!’ फोर्डऐवजी शेव्हरोलेचे इंजिन बसविणाऱ्याला मित्र थट्टेने वाळीत टाकतात. अस्सलपणाचा तोरा मिरविणाऱ्यालाही उत्तर तयार असते : मूळ गाड्यांपैकी कित्येकींचे नाव ४२७, पण पोटात इंजिन ४२८चे, साधे नि स्वस्त!

खरी चकमक झडते ती घरी जुळविणारा आणि तयार घेणारा यांच्यात. दक्षिण आफ्रिकेतील कारखान्यातून केवळ इंजिनावाचून सिद्ध होऊन आलेली गाडी घेणाऱ्याला पहिला विचारतो, ‘तू काय जुळवलेस? चेकवरची सही?’ सगळे हसतात, आम्हीही हसतो. मात्र त्या कारखान्यात ती गाडी ज्यांनी जुळविली, त्यांचे नाव या वादात कोणीच काढीत नाही.