ओवाळा त्या भावाला

भाऊबीजेचा दिवस. बहीण पाट मांडते. ताटात निरांजन, सुपारी, अक्षता. भाऊ पाटावर बसतो. बहीण ओवाळते. शहापूर असो की मुरबाड, घरोघरी हेच चालते.

पण एखाद्या घरात एक भाऊ आतल्या खोलीत बसून असतो. पाहुणे आले की त्याला आत धाडतात. का? तर तो चारचौघांसारखा नाही. डोळे जरा तिरपे. चेहरा जरा चपटा. चालायला उशिरा लागला. बोलायला त्याहून उशिरा. पोरे त्याला ‘खुळा’ म्हणतात. मग घरच्यांना लाज वाटते.

मंडळी, अशा मुलांविषयी हा धडा आहे. अशी मुले पळतात, पोहतात, चेंडू खेळतात. दूरदेशी जाऊन आपल्या देशासाठी पदकेही आणतात. ते कसे, ते पाहू.

हे होते कशाने?

भाताचा एक दाणा घ्या. दाणा केवढा! पण रोप किती वाढावे, लोंबी केव्हा यावी, हे पुष्कळसे त्या दाण्यातच ठरलेले असते. माणसाचेही तसेच. आपले शरीर बारीक पेशींचे बनलेले आहे. पेशी इतकी लहान की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तिच्यात धाग्यासारखी गुणसूत्रे असतात. नाक कसे, रंग कसा, उंची किती, हे पुष्कळसे ती ठरवतात.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. म्हणजे एकूण ४६ गुणसूत्रे. काही मुलांत २१ व्या जोडीत दोनाच्या जागी तीन असतात. एकूण होतात ४७. हा एक जादा धागा म्हणजेच डाउन सिंड्रोम. डाउन हे एका इंग्रज डॉक्टरचे नाव. त्याने १८६६ साली अशा मुलांविषयी प्रथम नीट लिहिले. जादा धाग्याचा शोध लागला तो १९५९ साली, फ्रान्समध्ये.

एकविसाव्या जोडीत तीन, म्हणून तिसऱ्या महिन्याची २१ तारीख, म्हणजे २१ मार्च, हा या मुलांचा दिवस मानतात. २०१२ पासून संयुक्त राष्ट्र संघही तो पाळतो.

यात आईचा दोष नाही. बापाचाही नाही. ग्रहणाचा नाही, करणीचा नाही. आईचे वय वाढले की असे मूल होण्याचा संभव वाढतो हे खरे. पण तरुण आईलाही असे मूल होते. हा साथीचा आजार नव्हे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. जादा धागा औषधाने जात नाही, कोंबडा-नारळ देऊनही जात नाही. मग करायचे काय? मुलाला सांभाळायचे आणि शिकवायचे. ही मुले हळू शिकतात. पण शिकतात, बरं का!

आधी डॉक्टरला दाखवा

या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांच्या हृदयात जन्मापासून दोष असतो. कोणाच्या हृदयाला छिद्र असते. दूध पिताना धाप लागणे, ओठ निळसर होणे, वजन न वाढणे, ही त्याची लक्षणे. कधी कधी लक्षण दिसतही नाही. म्हणून प्रत्येक मुलाचे हृदय तपासून घ्यावेच. वेळेवर कळले तर शस्त्रक्रिया होते. लपवून ठेवले तर मूल हाताचे जाते.

कान, डोळे आणि थायरॉइड नावाची गळ्यातली ग्रंथी, हेही वेळोवेळी तपासावे लागते.

सरकारने २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याचे डॉक्टर अंगणवाडीत आणि शाळेत येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात. डाउन सिंड्रोम आणि हृदयाचा दोष, दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. पथक येणार त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. आशाताईला आधीच सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट. या मुलांचे सांधे सैल असतात. काहींच्या मानेचा सांधाही सैल असतो. म्हणून कोलांटी उडी, डोके खाली करून पाण्यात सूर मारणे, डोक्यावर ओझे घेणे, हे डॉक्टरला विचारल्याशिवाय करू देऊ नये. मान दुखू लागली, चाल बदलली, हातापायांत मुंग्या आल्या, तर लगेच रुग्णालय गाठावे.

डॉक्टरने ‘खेळू द्या’ म्हटले, की मूल मैदानात उतरू शकते. पण त्याला खेळात घेणार कोण? हाच प्रश्न पूर्वी एका बहिणीलाही पडला होता.

एका बहिणीची गोष्ट

अमेरिकेत केनेडी नावाचे मोठे घराणे आहे. त्यातला जॉन पुढे १९६१ साली देशाचा अध्यक्ष झाला. त्याला रोझमेरी नावाची बहीण होती. तिला डाउन सिंड्रोम नव्हता, पण तीही हळू शिकणारी होती. १९४१ साली तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली. ती फार बिघडली. रोझमेरीला धड चालता-बोलता येईना. मग तिला संस्थेत ठेवले. कित्येक वर्षे ती घरच्यांपासून दूर राहिली. पैसा होता, मान होता, तरीही.

तिची धाकटी बहीण युनिस. तिला ही गोष्ट सलत होती. १९६२ साली तिने आपल्याच घराच्या अंगणात हळू शिकणाऱ्या मुलांचे उन्हाळी शिबिर भरवले. मुले पोहली, पळाली, चेंडू खेळली. लोकांना वाटत होते, यांना काही जमणार नाही. मुलांनी जमवून दाखवले.

पुढे २० जुलै १९६८ रोजी शिकागो शहरात पहिल्या मोठ्या स्पर्धा झाल्या. सुमारे एक हजार खेळाडू आले. या स्पर्धांचे नाव स्पेशल ऑलिंपिक. घरात सुरू झालेली गोष्ट जगभर गेली.

आपल्या देशात ‘स्पेशल ऑलिंपिक्स भारत’ ही संस्था २००१ सालापासून हे काम करते. २०२३ साली जून महिन्यात जर्मनीतल्या बर्लिन शहरात जागतिक स्पर्धा झाल्या. तिथे आपल्या खेळाडूंनी २०२ पदके मिळवली. त्यांत ७६ सोन्याची होती. आपणच ज्यांना ‘खुळे’ म्हणतो, तशाच मुलामुलींनी ती आणली.

शर्यतीची जोड कशी लावतात?

जत्रेत कुस्त्या होतात. तिथे जोड लावतात. पैलवानाची कुस्ती पैलवानाशी, पोराची पोराशी. जोड बरोबरीची असली तरच कुस्तीला रंग चढतो.

स्पेशल ऑलिंपिकमध्येही तसेच करतात. आधी प्रत्येकाची चाचणी घेतात. मग वय आणि वेग पाहून बरोबरीचे खेळाडू एका गटात घालतात. हळू पळणारा हळू पळणाऱ्यांबरोबर पळतो. त्यामुळे त्यालाही जिंकण्याची खरी संधी मिळते. पहिल्या तिघांना पदक मिळते. मागून येणाऱ्यांनाही फीत लावून मान देतात. वयाच्या आठव्या वर्षापासून भाग घेता येतो. पुढे वयाची अट नाही. चाळिशीचा माणूसही पळू शकतो.

काही खेळांत एकाच संघात हळू शिकणारे आणि इतर खेळाडू मिळून खेळतात. म्हणजे भाऊ-बहीण एका संघात खेळू शकतात. एक पाहणारा, एक पळणारा, असे नव्हे. दोघेही खेळाडू!

पुण्याची गौरी

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. पुण्याच्या गौरी गाडगीळला डाउन सिंड्रोम आहे. ती पोहायला शिकली. पोहण्याच्या स्पर्धांत तिने पदके मिळवली. तिच्या जीवनावर ‘यलो’ नावाचा मराठी चित्रपट निघाला. तो २०१४ साली लोकांपुढे आला. त्यात गौरीने स्वतः काम केले. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार देताना तिच्या कामाचा खास उल्लेख झाला.

तुम्ही म्हणाल, पुण्याचे ठीक आहे, आमच्या पाड्यावर काय? मग मुरबाड तालुक्यातले फांगणे गाव आठवा. तिथे ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरीच्या आज्या पाटी घेऊन बसल्या आणि सही करू लागल्या. या वयात काय जमणार, असे त्यांनाही लोक म्हणालेच असतील. तुम्हीही मोठेपणी अक्षरे शिकलात. एक अक्षर किती वेळा गिरवले, ते आठवा. तेवढा धीर या मुलांसाठी धरा.

घरी काय करावे?

भातकापणी झाली की शेत मोकळे होते. तेच आपले मैदान. भावाला किंवा बहिणीला रोज थोडा वेळ घेऊन जा.

एका वेळी एकच गोष्ट शिकवा. तोंडाने सांगण्यापेक्षा करून दाखवा. मग त्याच्याकडून करून घ्या. जमले की शाबासकी द्या. चुकले तर हसू नका. पुन्हा दाखवा.

बांधावरून तोल सांभाळत चालणे, दहा पावले पळणे, चेंडू झेलणे, इथून सुरुवात करा. बोची नावाचा एक खेळ आहे. एक लहान चेंडू पुढे टाकतात. मग प्रत्येक जण आपला मोठा चेंडू त्याच्याजवळ नेण्याचा प्रयत्न करतो. हा खेळही स्पेशल ऑलिंपिकमध्ये आहे. गोट्या खेळणाऱ्याला तो सहज समजतो.

नदीत, ओढ्यात, धरणात मात्र मुलाला एकटे कधीही सोडू नका.

आई-बापानंतर कोण?

रात्री आईला झोप येत नाही ती याच काळजीने. आम्ही गेल्यावर याला कोण पाहील? उत्तर बहुतेक वेळा एकच असते. भाऊ किंवा बहीण. म्हणून लहानपणापासून त्यांची गट्टी जमू द्या. सारा भार मात्र एकट्या पोरीवर टाकू नका. तिलाही शाळा आहे, तिचाही संसार व्हायचा आहे.

कायद्याची मदत घ्या. सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढा. त्यासाठी अर्ज संगणकावर भरावा लागतो. गुरुजींची मदत घ्या. प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल, तर २०१६ च्या कायद्याने मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत फुकट शिकण्याचा हक्क आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने, मूल १८ वर्षांचे झाल्यावर त्याचा पालक नेमता येतो. त्यासाठी जिल्ह्यात समिती असते. भाऊ किंवा बहीण रीतसर पालक होऊ शकते. मग त्याची जमीन, त्याचा पैसा लुबाडणे सोपे राहत नाही.

पण कागद नंतर. पहिली गोष्ट घरातली. त्याला आतल्या खोलीतून बाहेर आणा. त्याच्या नावाने हाक मारा. सकाळी त्याला शेतात पळू द्या. तो शेवटचा आला तरी टाळ्या वाजवा. उद्या तो गळ्यात पदक घालून गावात येईल, न येईल. भाऊबीज मात्र दरवर्षी येईल. त्या दिवशी दोन पाट मांडा. त्यालाही ओवाळा.