शाळेंतील योगाभ्यास : त्याचा लाभ आणि त्याची मर्यादा

गेल्या पालकसभेंत एका गृहस्थांनीं मला विचारलें, "मास्तर, आठवड्यांतून तीन दिवस वीस-वीस मिनिटें मुलांना सतरंजीवर बसवून तुम्ही श्वास घ्यावयास शिकवितां. श्वास तर तीं जन्मल्यापासून घेतच आहेत! तेवढा वेळ गणिताला दिलात तर कांहीं पदरांत तरी पडेल." सभा हंसली; मीही हंसलों. परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. सभा संपल्यावर एका मातेनें मला बाजूला बोलावून हळूच निराळाच प्रश्न केला : "हें आपल्या धर्माविरुद्ध तर नाहीं ना?" या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें देणें हें शिक्षकाचें कर्तव्य आहे, म्हणून हा लेख लिहीत आहें.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, योग म्हणजे केवळ आसनें नव्हेत. पतंजलीनें योगाचीं आठ अंगें सांगितलीं आहेत. त्यांत अहिंसा, सत्य, शुचिता, संतोष इत्यादि आचरणाचे नियम आधीं येतात. आसन तिसरें व प्राणायाम चौथें अंग होय. शाळेंत आपण घेतों तो या तिसऱ्या-चौथ्या अंगांचा अगदीं आरंभींचा भाग आहे. तो मुलांच्या शाळेंत आणण्याची कल्पनाही नवी नाहीं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत औंध संस्थानचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले होते. स्वामी कुवलयानंद यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम ही संस्था स्थापिली. त्यांचा विशेष हा कीं, योगक्रियांनीं शरीरांत काय घडतें हें त्यांनीं क्ष-किरणांच्या छायाचित्रांनीं व दाबमापक यंत्रांनीं तपासून पाहिलें. 'सांगतों तें माना' असें न म्हणतां 'मोजून पाहूं या' असें म्हणणारी ही रीत शाळेला शोभण्यासारखी आहे. आपणही तिलाच अनुसरूं.

आधीं शरीराचा विचार करूं. विद्यार्थी दिवसाचे पांच-सहा तास बांकावर वाकून बसतो, आणि घरीं गेल्यावर मान खालीं घालून मोबाईल पाहत राहतो. प्रौढ माणसाचें डोकें सुमारें ४ ते ५ किलो वजनाचें असतें. तें पाठीच्या कण्यावर सरळ तोललेलें असलें म्हणजे मानेच्या स्नायूंना फारसे श्रम पडत नाहींत. पण मान जितकी पुढें झुकते तितका त्यांवरील ताण वाढत जातो. ताडासनांत मूल सरळ उभें राहण्यास शिकतें. भुजंगासनानें पाठीचे स्नायु कामास लागतात. वृक्षासनांत एका पायावर उभें राहतांना डोळे, कानाच्या आंतील तोल सांभाळणारें इंद्रिय व पायाचे स्नायु यांची एकमेकांशीं सांगड बसते. लवचिकपणा, तोल आणि बसण्या-उठण्याची चांगली ढब हे आसनांचे मुख्य शारीरिक लाभ होत.

परंतु आसनें हीं खेळाची जागा घेऊं शकत नाहींत. पांच ते सतरा वर्षांच्या मुलांनीं दररोज सरासरी ६० मिनिटें तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. तें काम धांवणें, पोहणें, खोखो, कबड्डी यांनींच होतें. आसनें करतों म्हणून मैदानावर जात नाहीं, असें म्हणणाऱ्या विद्यार्थ्यानें दोन्हींचें मर्म जाणलें नाहीं.

आतां श्वासाकडे वळूं. विद्यार्थिमित्रहो, हा लेख वाचतां वाचतांच एक प्रयोग करून पहा. उजव्या हाताचीं दोन बोटें डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूस ठेवून नाडी शोधा. आतां संथपणें श्वास आंत घ्या, आणि त्याहून संथपणें बाहेर सोडा. श्वास घेतांना नाडी किंचित् जलद व सोडतांना किंचित् मंद होते, असें बहुतेकांना आढळून येईल. लहान वयांत हा फरक अधिक स्पष्ट असतो.

असें कां होतें? हृदय, जठर इत्यादि इंद्रियांचें काम आपल्या इच्छेची वाट न पाहतां जी मज्जासंस्था चालविते, तिचे दोन प्रमुख भाग आहेत. एक भाग संकटाच्या वेळीं जागा होतो. तो हृदयाचे ठोके वाढवितो, तळहातांस घाम आणतो, तोंड कोरडें पाडतो. मूत्रपिंडावरील ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन नांवाचा रस रक्तांत मिसळूं लागतो. वाघ समोर आला असतां हा भाग आपला प्राण वाचवील; पण प्रश्नपत्रिका समोर आली असतां त्याचा उपद्रवच अधिक! दुसरा भाग लगाम खेचणारा आहे. व्हेगस नांवाच्या लांब मज्जातंतूच्या द्वारें तो हृदयाची गति कमी करितो, आणि श्वास बाहेर जात असतां त्याचा जोर वाढतो. हृदयाला 'हळू चाल' अशी आज्ञा आपणांस देतां येत नाहीं, परंतु श्वास लांबविणें आपल्या हातीं आहे. ज्या दाराला बाहेरून कडी नाहीं तें उघडण्याची ही एक लहानशी किल्ली आहे.

म्हणून वर्गांत आम्ही एवढेंच शिकवितों : मनांत तीन अंक मोजीत नाकानें श्वास घ्यावा व पांच अंक मोजीत सोडावा. मध्यें श्वास कोंडूं नये. पोट श्वासाबरोबर पुढें येऊं द्यावें, म्हणजे छातीखालचें श्वासपटल पुरतें खालीं सरकतें. असे दहा श्वास घेण्यास दीड मिनिटाहून अधिक वेळ लागत नाहीं.

गेल्या सहामाही परीक्षेंत दहावीच्या वर्गांतील एक मुलगी प्रश्नपत्रिका हातीं येतांच थरथरूं लागली. उत्तरें तिला येत होतीं. पण अक्षरें डोळ्यांपुढें नाचत होतीं, असें तिनें मागाहून सांगितलें. तिनें पेन खालीं ठेविलें, दोन्ही पाय जमिनीवर टेकले आणि दहा श्वास मोजले. मग ती लिहूं लागली. तिला पहिला क्रमांक मिळाला असें मी सांगणार नाहीं, कारण तो मिळाला नाहीं. परंतु जें येत होतें तें तिला लिहितां आलें.

एका मुलीच्या उदाहरणावरून सिद्धांत बांधूं नये, हें मी वर्गांत नेहमीं सांगतों. तोच नियम मलाही लागू आहे. गेल्या कांहीं दशकांत भारतांत व परदेशांत शाळांतील योगाभ्यासावर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. कित्येकांत मुलांची चिंता थोडी कमी झाल्याचें दिसलें; कांहींत नेहमींच्या व्यायामाच्या तासापेक्षां विशेष फरक आढळला नाहीं. अनेक प्रयोगांत मुलांची संख्या लहान व मुदत थोडी होती. यावरून प्रामाणिकपणें इतकेंच म्हणतां येईल कीं, लाभ आहे पण तो बेताचा आहे, आणि तो नियमानें अभ्यास करणाऱ्यास मिळतो. योगानें परीक्षेंतील गुण वाढतातच, किंवा दमा व मधुमेह समूळ बरे होतात, असें जो सांगेल त्याच्यापासून सावध रहावें. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें दहा ते एकोणीस वयाच्या सातांपैकीं एकास कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. मूल आठवड्यांमागून आठवडे उदास असेल, जेवण-झोप सोडूं लागेल किंवा जीव नकोसा झाल्याचें बोलेल, तर त्याला सतरंजीवर बसवून भागणार नाहीं. तेथें वेळ न दवडतां डॉक्टरांचाच सल्ला घेतला पाहिजे.

आरंभीं माझ्याही हातून एक चूक झाली, ती सांगितली पाहिजे. मीं एका क्रीडादिनीं आसनांची स्पर्धा ठेविली. सातवींतील एका मुलानें बक्षिसाच्या ओढीनें पाय इतका ताणला कीं मांडीचा स्नायु दुखावला, आणि तो तीन आठवडे लंगडत होता. मीं त्याच्या घरीं जाऊन आईवडिलांची क्षमा मागितली. आसन स्थिर व सुखाचें असावें अशी जुन्या आचार्यांची अपेक्षा आहे. मीं त्यांतील सुख काढून टाकलें होतें. तेव्हांपासून आमच्या वर्गांत क्रमांक नाहींत. शीर्षासन नाहीं, कारण कोंवळ्या मानेवर सगळ्या शरीराचा भार घालणें इष्ट नव्हे. वाढत्या वयांत हाडांच्या टोकांशीं कूर्चेचा मऊ थर असतो, म्हणून कोणाचेंही अंग दुसऱ्यानें दाबून वांकवूं नये. जेवणानंतर दोन-तीन तास आसनें करूं नयेत. दमा, हृदयविकार किंवा फिट्स असलेल्या मुलांच्या पालकांनीं आम्हांस आधीं कळवावें.

आतां त्या मातेच्या प्रश्नाकडे येतों. योग हें भारतीय षड्दर्शनांपैकीं एक आहे व त्याचें ध्येय व्यायामापुरतें नाहीं, हें लपविणें सत्याला धरून होणार नाहीं. असा प्रश्न दुसरीकडेही उठला आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील एन्सिनिटास येथील शाळांत योग शिकविण्याविरुद्ध कांहीं पालक न्यायालयांत गेले. तेथें चालतो तो कार्यक्रम धर्मोपदेश नव्हे, असा निर्णय २०१३ सालीं झाला व २०१५ सालीं वरच्या न्यायालयानें तो कायम केला. अलाबामा राज्यानें १९९३ सालीं सरकारी शाळांत योगावर बंदी घातली होती. ती २०२१ सालीं उठली, परंतु मंत्रोच्चार व 'नमस्ते' म्हणणें वर्ज्य ठेवण्यांत आलें. आपल्याकडे नमस्ते म्हटल्यानें कोणाचा धर्म बुडत नाहीं! तरीही विवेकबुद्धीचा मान राखणें ही आमच्या शाळेची रीत आहे. आमच्या तासांत मंत्र नाहीं, कोणा देवतेचें ध्यान नाहीं. शरीर आणि श्वास एवढाच विषय आहे. शाळेची प्रार्थना तिच्या वेळीं निराळी होते. ज्यांच्या मनास तरीही पटत नाहीं त्यांच्या पाल्यांसाठीं तो तास मैदानावर आहेच, आणि त्याबद्दल त्यांस कोणी उणा शब्द बोलणार नाहीं. पौल प्रेषितानें करिंथकरांस लिहितांना शरीराला मंदिराची उपमा दिली आहे. मंदिर झाडून-पुसून नीट ठेवावें, याविषयीं कोणत्याही धर्माच्या माणसांत दुमत होईल असें मला वाटत नाहीं.

गणिताचा आग्रह धरणाऱ्या त्या गृहस्थांस माझें उत्तर असें : गणित आम्ही शिकवितोंच, आणि एक तासही कमी केलेला नाहीं. परंतु शिकलेलें गणित भीतीच्या क्षणीं हातून निसटूं नये, हेंही शिकविण्यासारखेंच आहे. पुढील पालकसभेस त्यांनीं दहा मिनिटें आधीं यावें. सतरंजी अंथरलेली असेल. त्यांची मुलगीच त्यांना दहा श्वास मोजावयास शिकवील.