मुशैरिबमध्ये मालक कोण? सत्ता आणि व्यापाराविषयीचे चार गैरसमज

दोहा मेट्रोच्या तिन्ही मार्गिका मुशैरिब स्थानकात एकत्र येतात. वर आलं की जवळच सूक वाकिफचा बाजार, थोडं पुढे अमिरांचं कार्यालय असलेला अमिरी दिवाण आणि मध्ये जुनी वस्ती पाडून वसवलेला 31 हेक्टरांचा नवा कोरा भाग. झपाट्याने वाढलेल्या कतारसारख्या देशात धंदा आणि राजकारण कसे गुंततात, हे इथे छान दिसतं. फक्त आपल्याकडचा चष्मा जरा बाजूला ठेवावा लागतो.

गैरसमज 1 : मंत्री आणि बिल्डर यांच्या हातमिळवणीतून हे उभं राहिलं.

वस्तुस्थिती : हातमिळवणीला दोन पक्ष लागतात, इथे एकच आहे. बांधणारी ‘मुशैरिब प्रॉपर्टीज’ ही कतार फाउंडेशनची कंपनी. फाउंडेशन स्थापन केलं ते 1995 साली, तेव्हाचे अमीर शेख हमद आणि त्यांच्या पत्नी शेखा मोझा यांनी. सुमारे 20 अब्ज रियालांच्या या प्रकल्पात दिवाणाच्या विस्तारित इमारतीही आहेत. आपल्याकडचा बिल्डर मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतो. इथे बांधणारी कंपनी सत्तेच्याच घरातली.

गैरसमज 2 : तेल लागलं आणि राजघराण्याने व्यापाऱ्यांना देशोधडीला लावलं.

वस्तुस्थिती : तेलाआधी राज्यकर्ताच व्यापाऱ्यांवर अवलंबून होता, कारण तिजोरी मोत्यांच्या व्यापारावर भरायची. जपानच्या संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने तो धंदा बसला. 1935 साली शेख अब्दुल्ला बिन जासिम यांनी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीशी करार केला. 1949 मध्ये निर्यात सुरू झाली. कंपनीचे पैसे थेट राज्यकर्त्याकडे येऊ लागले आणि व्यापाऱ्यांची दरबारातली भीड संपली. बदल्यात त्यांना कंत्राटं आणि परदेशी मालाच्या एजन्सी मिळाल्या. दरवीश घराणं त्यातलं ठळक नाव. पुढे कायद्यानेच परदेशी गुंतवणूकदाराला बहुतेक धंद्यांत 51 टक्क्यांचा कतारी भागीदार घ्यावा लागे. बहुतेक क्षेत्रांत पूर्ण परदेशी मालकीची वाट मोकळी झाली ती 2019 च्या कायद्याने, तीही सरकारी मंजुरी घेऊन. थोडक्यात, राजकारणातला वाटा सोडा आणि बाजारातला घ्या, असा हा न लिहिलेला सौदा होता.

गैरसमज 3 : सत्ता आणि धंद्याची जवळीक म्हणजे लाचखोरी.

वस्तुस्थिती : बरीचशी जवळीक राजरोस आणि कायदेशीर असते. अली शरीफ अल इमादी अर्थमंत्री होते आणि त्याच वेळी कतार नॅशनल बँकेचे अध्यक्षही. त्या बँकेचा निम्मा हिस्सा सरकारी गुंतवणूक निधीकडे आहे. ही दुहेरी खुर्ची लपूनछपून नव्हती. मे 2021 मध्ये त्यांना अटक झाली ती सरकारी पैशाच्या गैरवापराच्या आरोपांवरून.

अशा कारभारावर बाहेरून प्रश्न विचारणारी व्यवस्था मात्र तोकडी आहे. शूरा कौन्सिल या कायदेमंडळाच्या 45 पैकी 30 जागांसाठी 2021 मध्ये मतदान झालं; 2024 च्या सार्वमताने निवडणुकीची ही पद्धतही रद्द झाली. याउलट आपल्याकडचा दाभोळचा एन्रॉन वीजप्रकल्प आठवा. 1995 मध्ये राज्यात सरकार बदललं, करार रद्द झाला, वाटाघाटी होऊन पुन्हा झाला आणि 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला. नुकसान झालंच, पण विजेचा दर, करारातल्या अटी, कुणी काय मान्य केलं, हे सगळं चव्हाट्यावर आलं.

गैरसमज 4 : आपण नोकरीपुरते आलो, आपला या राजकारणाशी काय संबंध?

वस्तुस्थिती : सगळ्यात जवळचा संबंध नोकरदाराचाच. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा निवासाचा परवाना, तो मालक. देशात कोण राहणार, नोकरी कोण बदलणार, हा खरं तर सरकारचा अधिकार. तो दशकानुदशकं मालकाच्या हाती होता. त्याच्या एनओसीशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. 2020 च्या कायद्यांनी ही अट काढली आणि मार्च 2021 पासून किमान वेतन 1,000 रियाल झालं. मालक राहण्या-जेवणाची सोय करत नसेल, तर त्यासाठी 500 आणि 300 रियाल वेगळे. तरीही निवासाचा परवाना मालकाच्याच नावाशी बांधलेला राहिला.

मुशैरिबमधल्या संग्रहालयांत यामागचा इतिहास मांडलेला आहे. ‘बिन जेलमूद हाउस’मध्ये गुलामगिरीचा, जी कतारमध्ये 1952 मध्ये संपली, ‘कंपनी हाउस’मध्ये पहिल्या तेल कामगारांचा. दोन्ही उभारली सत्तेच्याच कंपनीने. तेव्हा तिथे जाल तर जरूर पाहा, आणि आपल्या परवान्यावर मालक म्हणून कुणाचं नाव आहे, तेही एकदा वाचा.