‘लांब राहा’ आणि आजारी मूल

साथ आली की समाज मृतांची मोजदाद करतो. आधीपासूनच आजारी असलेल्या मुलाच्या मनात काय चालले आहे, याची दखल कोणी घेत नाही. ‘पोटाची लढाई लढणाऱ्यांना मनाचे लाड परवडत नाहीत,’ असे आपणही म्हणून जातो. हा आपला गैरसमज आहे.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. वीज गेली ती लवकर आली नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचा दहा वर्षांचा भाऊ तेव्हा तिथे होता. त्याला पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. या आजारात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते रोज टोचून घ्यावे लागते आणि त्याचा साठा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावा लागतो. फ्रिज शेजाऱ्यांचा, तोही बंद. आईने बाटल्या ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेवल्या. मुलगा रात्री उठून मडके चाचपून पाही. एकदा त्याने विचारले, “ताई, औषध तापलं तर मी मरणार का?”

त्याला उत्तर मिळाले नाही. ‘गप झोप’ एवढेच मिळाले. इथेच भीती वाढते. लहान मूल आजाराला स्वतःच्या चुकीची शिक्षा समजते. थोडे मोठे झाले की आपण घरावर ओझे आहोत असे त्याला वाटू लागते. मग पोट दुखते, झोप उडते, सुई नको म्हणून ते रडते. मधुमेही मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले तर आधी रक्तातील साखर तपासावी, मग मनाकडे पाहावे. दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, कारण ताणानेही साखर वाढते.

त्यात ‘लांब राहा’ हा शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘सामाजिक’ नव्हे, ‘शारीरिक’ अंतर म्हणा, असे सुचवले. आपल्याकडे मात्र ‘सामाजिक अंतर’ हेच रूढ झाले. ज्यांच्या आज्यापणज्यांनी हे अंतर भोगले, त्यांच्या मुलाला ते विषाणूपुरते आहे हे कोणी सांगायचे? आपणच सांगायचे. अंतर शरीराचे आहे, माणुसकीचे नाही, हे कारणासह सांगायचे.

मुलाला थोडक्यात पण खरे सांगावे. सुईची, जेवणाची, अभ्यासाची वेळ मोडू देऊ नये. साखरेची नोंद वहीत त्यालाच करू द्यावी. भीतीच्या जागी थोडा ताबा येतो. त्याला ‘बिचारा’ म्हणू नये. मित्राचा आवाज फोनवरून तरी रोज कानी पडावा.

पण सारा भार आईवर टाकून चालणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत, मधुमेह नाही. शाळा-अंगणवाडीतून मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. पण शाळाच बंद झाली की ती वाटही बंद होते. म्हणून शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील अशा मुलांची यादी आजच करावी. कोणाला कोणते औषध लागते, वीज गेली तर ते कुठे ठेवता येईल, त्या मुलाशी रोज कोण बोलेल, हे साथ येण्याआधी ठरलेले असावे.

याच जिल्ह्यात, महाडला, १९२७ साली आपण तळ्याचे पाणी हक्क म्हणून घेतले. मुलाच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळणे हाही हक्कच आहे.