बिबटे कोण सोडतं?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बिबट्याविषयी मत नसलेला माणूस मिळणं अवघड. ‘हे इथले नव्हेतच, वनखात्यानं बाहेरून आणून सोडलेत’ हे सगळ्यांत पसरलेलं मत. धरणं झाली, पाटाचं पाणी आलं, ऊस वाढला म्हणून तो मळ्यात उतरला, असं कुणी सांगतं. उसात जन्मलेल्याला जंगल ठाऊकच नाही, असं दुसरा म्हणतो. पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात; त्यांच्या लेखी तो इथलाच, त्याचा मान राखायचा एवढंच. आणि शिकलेल्या शहरी माणसाचं मत ठरलेलं असतं: बिबट्याची जागा जंगलात, तिथं नेऊन सोडा.

या मतांचं करायचं काय? हा प्रश्न बिबट्याहून जुना आहे, निदान उसातल्या बिबट्याहून तरी.

ग्रीक माणूस जुन्नरला परका नाही. इथल्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद या यवनांची दानं कोरलेली आहेत. त्यातल्या चिटानं भिक्षुसंघाला भोजनमंडप दिला. त्यांच्याही काही शतकं आधी ॲरिस्टॉटलनं (इ.स.पू. 384–322) ‘टॉपिक्स’ या ग्रंथात वादाची सुरुवात कुठून करावी ते सांगून ठेवलं. सगळ्यांना, बहुतेकांना किंवा जाणत्यांना पटलेल्या मतांना तो ‘एन्डोक्सा’ म्हणतो, आणि युक्तिवाद तिथूनच सुरू करतो. आपल्या न्यायसूत्रांतही दृष्टान्त म्हणून तीच गोष्ट चालते, जी सामान्य माणूस आणि परीक्षक दोघांनाही सारखीच मान्य असते.

मत मांडून झालं की काम संपलं, असं मात्र ॲरिस्टॉटल मानत नाही. ‘निकोमाखियन एथिक्स’च्या सातव्या पुस्तकात तो हे करूनच दाखवतो. चांगलं काय ते कळत असून माणूस वाईट वागतो का? लोक म्हणतात, रोज वागतो. सॉक्रेटिस म्हणत असे, खरं कळलं असेल तर वागणारच नाही. दोन्ही मतं समोर ठेवायची, ती एकमेकांशी कुठं अडतात ते पाहायचं, आणि होता होईल तेवढी मतं शाबूत राहतील असा उलगडा शोधायचा. त्याचा उलगडा असा, की झोपलेल्या किंवा प्यायलेल्या माणसाला ज्ञान असतं, पण ते त्या क्षणी हाताशी नसतं. म्हणजे लोकही खरे आणि सॉक्रेटिसही बराचसा खरा. त्याच पुस्तकात पुढं तो आणखी एक अट घालतो, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते: नुसतं खरं सांगून भागत नाही, चुकीचं मत लोकांना खरं का वाटलं तेही सांगावं लागतं.

लोकांवर विसंबण्यात धोका असतोच. प्राण्यांवरच्या ग्रंथासाठी ॲरिस्टॉटलनं कोळी, शिकारी, मधमाश्या पाळणारे अशा सगळ्यांचं ऐकलं. एका जातीच्या शार्कमध्ये पिल्लू आईच्या गर्भाशयाला नाळेनं जोडलेलं असतं, हे त्यानं लिहिलं होतं. 1842 मध्ये योहानेस म्युलरनं ते पडताळून खरं ठरवलं. त्याच ग्रंथात बिबट्याचीही हकीकत येते. त्याच्या अंगाचा वास इतर जनावरांना आवडतो, म्हणून तो दबा धरून बसतो आणि ती आपणहून जवळ येतात, असं म्हणतात. जुन्नरच्या कुठल्याही मेंढपाळानं हे हसण्यावारी नेलं असतं.

आता पुन्हा उसाकडं. 2001 पासून जुन्नर वनविभागात बिबटे पिंजऱ्यांत पकडण्याचा धडाका सुरू झाला. त्यातले 29 बिबटे सरासरी 39.5 किलोमीटरवरच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला, तो 2011 मध्ये ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’त छापून आला. 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते. 2001 ते 2003 मध्ये ते 17 वर गेले. सोडलेला बिबट्या सोडल्या जागी थांबत नाही, हे ‘आजोबा’नंही दाखवलं. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला हा नर 2009 मध्ये गळ्यात कॉलर घालून माळशेजला सोडला, आणि तो चालत चालत थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला.

मग ‘वनखात्यानं सोडलेत’ हे मत खरं की खोटं? सोडले होते, हे खरं. सोडण्यानं त्रास वाढला, हेही बरंचसं खरं. सगळेच बाहेरचे, हे मात्र खोटं: ऊसतोडीत दरवर्षी बछडी सापडतात. शेजारच्या अकोले तालुक्यात अत्रेय यांच्या चमूनं शेतशिवारात मोजणी केली, तेव्हा 100 चौरस किलोमीटरमागं जवळपास 5 प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. म्हणजे ‘तो इथलाच’ हे वाघोबावाल्यांचं मत तगलं आणि ‘ऊस आला म्हणून आला’ हेही तगलं. कोलमडलं ते सुशिक्षितांचं: जंगलात सोडलं की प्रश्न मिटला. ॲरिस्टॉटलच्या यादीत जाणत्यांचं मतही तपासणीतून सुटत नाही, ते उगाच नाही.

आणि चूक लोकांना खरी का वाटली? कारण पिंजरा घेऊन जाणारी गाडी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. बिबट्या आपल्याच बांधात व्याला, हे कुणी पाहिलं नव्हतं.

हल्ली उसात बछडी सापडली की ती लांब नेत नाहीत. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातली माणसं ती खोक्यात घालून संध्याकाळी त्याच शेतात ठेवतात आणि लांबून लक्ष ठेवतात. आई बहुधा रात्रीतून येऊन घेऊन जाते. शास्त्राच्या दृष्टीनं हेच बरोबर, कारण पिल्लं हरवलेली मादी जास्त बिथरते. पण ज्याचा ऊस असतो तो दुसऱ्या दिवशी पारावर सांगतो, ‘वनखात्यानं आमच्या रानात बिबटे सोडले.’ यातला एकही शब्द खोटा नसतो.